नाव झाकलेलं चित्र

कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली की आमच्या शाळेत रंगांच्या बाटल्या उघडतात. दोन्हींचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. पण चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचा सराव आणि वेचणी दर वर्षी बरोबरच येतात, त्यामुळे माझ्या नाकात त्यांचं लग्न लागून गेलं आहे. पहूरच्या पुढे बसमधून उतरून शाळेकडे चालायला लागलं की बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात. वर्गात शिरलं की आंबलेल्या पोस्टर कलरचा वास येतो. मुलं गेल्या वर्षीच्या बाटल्या जपून ठेवतात, पाणी घालून ढवळतात आणि सरावाला त्याच घेऊन येतात. पिवळा सगळ्यात आधी नासतो. का ते मला आजवर कळलेलं नाही, आणि मी चित्रकला शिकवते.

यंदाही बाटल्या उघडल्या. पहिलं झाकण निघालं तशी नववीतली एक मुलगी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मॅडम, बरं नाही का?"

"वास गं," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. फक्त त्या वासाबरोबर एक जुना दिवस येतो, हे मी तिला सांगितलं नाही.

वस्तुचित्रासाठी मी केळी मांडत नाही. सुरुवातीला मांडायची. केळीच्या मुलखात केळी मांडण्याइतकं सोपं काय, असं धुळ्याहून नवी आलेल्या मला वाटायचं. पण मधल्या सुट्टीनंतर येऊन पाहावं तर तांब्या जागेवर, वांगी जागेवर आणि केळ्यांच्या जागी साली. वर "मॅडम, आता सालीच काढू का?" असं विचारायला मुलंच पुढे. तेव्हापासून फक्त वांगी आणि कांदे. कच्चं वांगं अजून तरी कोणी खाल्लेलं नाही.

शाळेत चित्रकलेच्या तासाला मान किती, हे सांगायला नको. गणिताचा भाग राहिला, घ्या चित्रकलेचा तास. विज्ञानाची चाचणी, घ्या चित्रकलेचा तास. पाहुणे येणार असले की मात्र "मॅडम कुठे आहेत?" म्हणून शोधाशोध. फळ्यावर सुविचार, दारात रांगोळी, थर्मोकोलची अक्षरं, आणि कार्यक्रम सुरू झाला की मागच्या खुर्चीवर मी, बोटांना रांगोळी लागलेली. हे सगळं मी कुरकुरत केलं, पण केलं. तालुक्यात माझी ओळख रांगोळीवाल्या मॅडम अशी झाली. लोक कौतुकानंच म्हणायचे, आणि मला ते दर वेळी टोचायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या टोचणीचा वाटा मोठा आहे.

त्या वर्षी मुलं वेगळी होती. दोन वर्षं मोबाइलवर शाळा झाली होती, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांची तीही झाली नव्हती. पुन्हा वर्ग भरले तेव्हा गोंगाट कमी झालेला. आम्हा शिक्षकांना आधी ते बरंच वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की ही शांतता शिस्तीची नाही. नावानं हाक मारली तर मुलं दचकायची. काहींच्या घरातली माणसं गेली होती, काहींच्या घरातलं काम गेलं होतं, आणि काहींच्या घरी नेमकं काय झालं ते कोणी बोलत नव्हतं. वरून सूचना आली, मुलांच्या मनाकडे लक्ष द्या. ते कसं द्यायचं ते सूचनेत नव्हतं. मुख्याध्यापक सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, शनिवारचा शेवटचा तास तुमचा. काहीतरी करा." इतक्या वर्षांत कोणी माझा तास घेण्याऐवजी मला तास दिला, असं पहिल्यांदाच होत होतं.

"काहीही काढा," मी मुलांना सांगितलं. "मार्क नाहीत, ग्रेड नाही."

पहिल्या शनिवारी सगळ्यांनी दोन डोंगर, मधून सूर्य, नदी आणि काठाला नारळाचं झाड काढलं. जामनेर तालुक्यात नारळाचं झाड! "हे कुठे पाहिलंस रे?" म्हणून विचारलं तर म्हणे, चित्रात. मग मी एक अट घातली. जे काढाल ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. दार काढा, पण नुसतं दार नको, आपल्या घरचं दार. त्याची कडी कुठे आहे, फळी कुठे फुटली आहे, रंग कुठला आहे, ते बघून या आणि काढा. शेजारणीनं ओळखलं पाहिजे, असं काढा.

"मॅडम, हे कोनी पाहीन का?" मागच्या बाकावरून बारीक आवाज आला.

"कोण पाहणार? तू आणि मी," मी म्हटलं आणि पुढच्या बाकाकडे वळले. शब्द दिला की तो पाळावा लागतो, हे शिक्षकाला शिकवायला नको. पण हा शब्द मी इतक्या सहज दिला, की आठवायला हवा होता तेव्हा तो मला आठवलाच नाही.

तो आवाज प्रज्ञाचा होता. नववीतली उंच मुलगी, वेण्या स्वतःच घालून यायची, एक वेणी नेहमी दुसरीपेक्षा घट्ट. वडील केळीच्या गाड्या भरायच्या कामावर. आई, सुनंदाबाई, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. तिथली खिचडी त्यांच्या हातची. पण उन्हाळ्यापासून त्या कामावर नव्हत्या. कंबर धरली आहे, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आहे, असं गावात सगळ्यांना माहीत होतं. प्रज्ञा वर्गात बोलत नसे. हजेरीला सुद्धा हात वर करायची.

तिनं आधी घर बाहेरून काढलं. पत्र्यावर ठेवलेले दगड, न्हाणीपाशी उभी केलेली सायकल. मग दार काढलं. ते अर्धं निळं होतं, अर्धं हिरवं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "रंग संपला होता. मग पप्पांनी शेजारचा उरलेला लावला." हे ती हसून म्हणाली. तिचे दात मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पुढच्या शनिवारी ती दारातून आत गेली. ओटा, फळी, भिंतीवरची तसबीर. आणि मग एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आईले काढू का?"

"काढ ना."

"जशी बसते तशी?"

"जशी बसते तशीच," मी म्हटलं.

त्या चित्रात गणवेशातली एक मुलगी आईला घास भरवते आहे. आईचे केस मोकळे. ती जेवणाकडे बघत नाही, मुलीकडेही बघत नाही, दाराकडे बघते आहे. फळीवर गोळ्यांची पाकिटं आहेत. चित्र मी हातात घेऊन नीट पाहिलं. चुका होत्या त्यात. मुलीचा हात खांद्यापासून जरा लांबच झाला होता, पण मी तो दुरुस्त केला नाही. काही विचारलंही नाही. ब्रश धुता धुता तीच म्हणाली, "आईची कंबर नाही दुखत मॅडम. तिले काहीच करावंसं नाही वाटत. धुळ्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. पप्पा म्हनतात, कोनाले सांगू नको, लोक येडी म्हनतीन."

घरानं मूठ झाकून ठेवली होती, आणि पोरीनं ती एका ठिकाणी, माझ्यासमोर, थोडी उघडली होती. त्यानंतर ती बोलायला लागली. आधी हजेरीला, मग मैत्रिणींशी, मग मराठीच्या तासाला चक्क वाद घालायला. मराठीच्या बाई मला म्हणाल्या, "काय जादू केली हो?" मी मान हलवली, पण आतून फुलले होते. तो आनंद खरा होता. त्याच्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही. तो आनंद मी नेऊन कुठे मांडला, त्याची वाटते.

आमच्या क्षेत्रात नवोपक्रम नावाचा प्रकार असतो. शिक्षकानं वर्गात काही नवं केलं की त्याचा फोटोंसकट अहवाल करायचा, तो स्पर्धेला पाठवायचा, मग समिती शाळेत येऊन पाहते. मुलगा पाढे शिकला तर तो शिकला, यात कोणाला रस नसतो. आधी येत नव्हते आणि आता येतात, असं दिसलं पाहिजे. सरांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "मॅडम, यंदा आपल्या शाळेचा नवोपक्रम तुमचाच. मुलांचं मानसिक आरोग्य आणि चित्रकला. विषय चालू आहे. आणि ती मुलगी, बोलत नव्हती ती, तिची चित्रं ओळीनं लावा. न बोलणारी मुलगी बोलती झाली, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे."

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांना शाळेचं नाव व्हायला हवं होतं, आणि माझंही व्हावं असं मनापासून वाटत होतं. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं हे खरं, पण मी पदर खोचून चढले हेही तितकंच खरं. समितीपुढे उभं राहून बोलायचं, पुढच्या खुर्चीवर बसायचं, रांगोळी दुसऱ्या कोणीतरी काढायची. मी साडी कुठली नेसायची हे सुद्धा ठरवून टाकलं होतं.

प्रज्ञाला मी विचारलं. माझ्या बाजूचा तो एकच पुरावा आहे, आणि तोही खोटा आहे. मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात गाठून म्हटलं, "तुझी चित्रं हॉलमध्ये लावू ना गं? नाव झाकून टाकीन. कोणाला कळणार नाही."

तिनं पायानं जमिनीवर काहीतरी रेघ ओढली. म्हणाली, "तुम्ही म्हनाल तसं, मॅडम."

आता आमच्या भागात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. पाहुण्यानं चौथ्या पोळीला "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं, तर शहाण्या बाईनं समजून डबा झाकायचा असतो. सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडच्या नानांनी "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं की जुळवणाऱ्यानं ओळखावं, इथे काही जमत नाही. हेच आमचं नाही म्हणणं. मी खान्देशात जन्मले, खान्देशात वाढले. प्रज्ञा नाही म्हणाली होती आणि मला ते कळलं होतं. मी ते हो धरलं, कारण मला हो हवं होतं.

नावं झाकायला मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. अगदी नीट, पट्टी धरून. प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर एक चिकटवली आणि अंगठ्यानं दाबून घट्ट बसवली. चित्राखालचं नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जातो, असं चित्रकलेच्या शिक्षिकेला वाटावं, याहून मोठी चूक ती काय करणार? गणिताच्या सरांनी केली असती तर मी त्यांना हसले असते.

समिती आली त्या दिवशी हॉल भरलेला दिसावा म्हणून पालकसभाही त्याच दिवशी ठेवली होती. वेचणीचे दिवस, तरी बायका आल्या होत्या. साडीवर चढवलेले लांब बाह्यांचे शर्ट तसेच, डोक्याला फडकं, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली बोटं. सभेआधी त्या भिंतीपाशी चित्रं बघत फिरत होत्या. मी व्यासपीठावर माइक नीट करत होते, तेव्हा मला ऐकू आलं.

"वं माय, हे तं सुनंदाचं दार!"

"कोन्तं?"

"हे ना. अर्धं निळं, अर्धं हिरवं. त्याइच्याशिवाय कोनाचं आहे असं?"

गर्दी शेजारच्या चित्राकडे सरकली. मग दुसरी एक हळू म्हणाली, पण हळू म्हणून किती हळू, "कंबर धरली म्हने ना तिनं? हे तं पोरगी घास भरवू राह्यली."

मी सांगितलं होतं, शेजारणीनं ओळखलं पाहिजे असं काढा. शेजारणीनं ओळखलं.

प्रज्ञा त्या वेळी व्यासपीठाच्या पायरीवर होती. पाहुण्यांना द्यायच्या गुलाबांचं ताट मीच तिच्या हातात दिलं होतं, उंच मुलगी ताट धरायला बरी दिसते म्हणून. तिनं बायकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग समितीतल्या प्रत्येकापुढे जाऊन ताट धरलं, एकही फूल पडू न देता, आणि ताट टेबलावर ठेवून मुलींच्या रांगेत जाऊन बसली. मला वाटत होतं ती रडेल. रडली असती तर मी धावले असते. निदान असं मी स्वतःला सांगते.

तिचे वडील मागच्या दारानं आले. कामावरून तसेच, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते चित्रापाशी गेले तशा बायका बाजूला सरकल्या. त्यांनी ते पाहिलं, मग हॉल ओलांडून माझ्याकडे आले. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, ते काढून घेता येईन का?"

मी काय म्हणाले असेन? हॉल ओलांडून चार टाचण्या काढायच्या होत्या. पण समितीतले एक साहेब त्याच भिंतीकडे बोट दाखवत सरांना काहीतरी विचारत होते, सर माझ्याकडे बघून हसत होते, आणि ओळीतलं मधलंच चित्र काढलं तर ओळ तुटली असती. मी म्हणाले, "भाऊ, पाहुणे गेले की लगेच काढते."

"बरं," ते म्हणाले.

मग ते परत गेले आणि त्या चित्रापुढे उभे राहिले. चित्राला पाठ लावून, हात मागे बांधून, भिंतीशी अगदी टेकून. पूर्ण कार्यक्रमभर तसेच. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, मी बोलले. होय, मी बोलले. न बोलणारी मुलगी कशी बोलती झाली, ते मी माइकवर सांगितलं, आणि समोर तिचा बाप आपल्या अंगानं तिचं चित्र झाकून उभा होता. कोणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली. ते बसले नाहीत, कारण बसले असते तर चित्र वरून दिसलं असतं.

साहेबांनी शेरा दिला, अत्यंत प्रभावी. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली तशी मी टाचण्या काढल्या. बैल गेला आणि झोपा केला. प्रज्ञाचे वडील तोवर निघून गेले होते.

त्या शनिवारी मी धुळ्याला अक्काकडे गेले. अक्का माझी मोठी बहीण. आयुष्यभर तिनं ब्लाउज शिवले, आणि मला मास्तरीणबाई म्हणून चिडवायची एकही संधी सोडली नाही. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, तुझा हेतू वाईट नव्हता. तिनं मशीनवरून मान वर न करता सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पोरनं दुख भितवर टांगी दिधं तू?"

पोरीचं दुःख असं भिंतीवर टांगलं नाही, मी नाव झाकलं होतं, वगैरे सांगायला लागले.

"ती घरनी गोट व्हती. तुले सांगी, कारन तू तिले आपली वाटनी. आते रडी काय व्हस?" आपली वाटले म्हणून पोरीनं मला घरातली गोष्ट सांगितली, आता रडून काय होणार, असं तिच्या अहिराणीत सुनावून तिनं दोरा तोडला आणि मला चहा टाकायला लावला. रात्री जेवताना तिनं तो विषय काढला नाही. मीच दोनदा काढला, आणि दोन्ही वेळा तिनं भाजी वाढली.

मला शिक्षा कोणी केली नाही, हीच या सगळ्यातली वाईट गोष्ट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. गावातून जाताना ओट्यावरची प्रत्येक बाई आपल्याबद्दलच बोलते आहे असं मला वाटायचं. पण त्या माझ्याबद्दल बोलत नव्हत्या. त्या सुनंदाबाईंबद्दल बोलत होत्या. गोळ्या चालू असलेल्या बाईच्या हातची खिचडी पोरांना द्यायची का, यावर अंगणवाडीत चर्चा झाली. सुनंदाबाई दसऱ्यानंतर कामावर यायच्या होत्या, तशी घरात तयारी चालली होती, हे मला नंतर समजलं. दसरा झाला, दिवाळी झाली. त्या आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. ते दार समोर आलं. मी कडी वाजवली. चित्रं माझ्या पिशवीत होती, गुंडाळून, वरून वर्तमानपत्र लावलेली. दार प्रज्ञानं उघडलं. सुनंदाबाई खाटेवर बसल्या होत्या. केस विंचरलेले होते. चित्रातल्यापेक्षा त्या कितीतरी बऱ्या दिसत होत्या, आणि ते बघून मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं. मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही, बरेच वापरले असणार. त्यांनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाल्या, "चित्र चांगलं होतं म्हने. बठ्ठ्या गावानं पाह्यलं. मले नाही दाखवलं कोनी."

माझा हात पिशवीकडे गेला. तेवढ्यात मला प्रज्ञा दिसली, आईच्या मागे उभी. तिनं मान हलवली. अगदी थोडी, नकारार्थी.

या वेळी मी ते नाही म्हणूनच घेतलं. हात मागे घेतला, चहा प्यायले, आणि निघताना दाराबाहेर ती गुंडाळी तिच्या हातात दिली. "थँक यू मॅडम," ती म्हणाली. फळ्यावरची चूक दाखवल्यावर मुलं म्हणतात तसं.

शनिवारच्या तासाला ती येत राहिली. न यायचं बंड तिच्या स्वभावात नव्हतं. समास आखायची, मग कागदाच्या मध्यभागी एक फूल, पाच पाकळ्या, पेन्सिलीनं छाया. दर शनिवारी तेच. बोलणं बंद केलं नाही तिनं, तेवढी एक मेहरबानी झाली. मैत्रिणींशी बोलायची, हसायची. मला मात्र विचारलं तेवढ्याचंच उत्तर. मी एकदा म्हटलं, "घरचं काही काढ ना, पूर्वीसारखं." ती लगेच म्हणाली, "तुम्ही म्हनाल तसं, मॅडम." मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

ग्रेड परीक्षेतलं स्मरणचित्र आम्ही सगळेच शिक्षक पाठ करून घेतो. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरा माणूस, छत्री, हातगाडी, एवढी माणसं हात बसेपर्यंत घोटून घ्यायची. मग विषय बाजार येवो की जत्रा, तीच माणसं इकडची तिकडे उभी करायची. स्मरणाचा त्यात काही संबंध नसतो. प्रज्ञानं पूर्वी ही माणसं कधी नीट काढली नव्हती, म्हणायची, असं कोनी उभं राहत नाही. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत तिनं ती सगळी काढली, बिनचूक. मी तिच्या बाकामागून एकदा गेले. बाजारातला प्रत्येक माणूस हसत होता आणि त्यातला एकही माणूस कोणाच्या ओळखीचा नव्हता. तिला ए ग्रेड मिळाली. सरांनी पेढे वाटले आणि पहिला मला दिला.

आमच्या नवोपक्रमाला बक्षीसही मिळालं होतं. घ्यायला मी गेले होते. नाही म्हणता आलं असतं, पण गेले, ठरवलेली साडी नेसून. ते प्रमाणपत्र केबिनमध्ये लावलं आहे. नवे शिक्षक येतात, त्याखाली उभे राहून विचारतात, मॅडम, तुम्ही नेमकं काय केलं होतं? यंदा धुळ्याला प्रशिक्षणात याच विषयावर बोलायला बोलावलं. मी कळवलं, तब्येत बरी नाही. कंबर धरली आहे, असं लिहून टाकलं, आणि लिहिल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

शनिवारचा तास अजून चालू आहे. तो बंद करावा असं खूप वाटलं होतं. पण मुलांना त्याची गरज आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि माझ्या चुकीची शिक्षा त्यांना का? आता चित्रं मी जमा करत नाही. तास संपला की ज्याची त्याच्या दप्तरात जातात. कोणी दाखवायला आणलं तर पाहते, नाही आणलं तर नाही. सर विचारतात, "मॅडम, काही नमुने ठेवले का?" मी म्हणते, मुलं घरी घेऊन जातात हो. सुनंदाबाई पुढच्या जूनमध्ये अंगणवाडीत परत आल्या. आता त्यांच्या खिचडीबद्दल कोणी काही बोलत नाही. गाव विसरतं. मला विसरता येत नाही, आणि विसरावं असंही वाटत नाही.

परवा जळगावच्या स्टँडवर प्रज्ञा भेटली. मी शाळेकडे जाणारी बस पकडायला उभी होते, ती शिरपूरला निघाली होती. तिथे फार्मसीला आहे, होस्टेलवर राहते. तिनंच मला पाहिलं, वाकून नमस्कार केला. आता दोन वेण्या नव्हत्या, एकच होती, नीट. मी आईची चौकशी केली. "बरी आहे मॅडम. वेचणीला पण जाते सुट्टीच्या दिवशी." मी वडिलांबद्दल विचारलं, अभ्यासाबद्दल विचारलं. एकच गोष्ट विचारायची होती आणि ती सोडून सगळं विचारून झालं.

तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तेव्हा मला तिचा तळहात दिसला. करंगळीखालची कड राखाडी, चकचकीत. लिहिणाऱ्याची कड अशी होत नाही. पेन्सिलीनं रोज कागदभर छाया घासणाऱ्याचीच होते. हे मला कोणी सांगायला नको. काढते. पोरगी काढते.

मी कुठे बघते आहे ते तिला कळलं. तिनं हात ओढणीखाली घेतला. घाईनं नाही, पाहुण्यासमोर घरातलं काही सारून ठेवावं तसा, सहज. आणि माझ्याकडे बघत राहिली, मी आता काय विचारते म्हणून.

"शिरपूरची गाडी याच फलाटावर लागते ना गं?" मी विचारलं.

"हो मॅडम," ती म्हणाली, "याच."